अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हाती आलेला कॅमेरा



माणसांची छायाचित्रे काढण्याचा छंद ज्याला नव्याने लागतो, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. कॅमेरा कोणता घेऊ? दुसराही ठरलेला. भिंग कोणते? या दोन प्रश्नांचा काथ्याकूट करण्यात त्याचे सहा महिने सहज जातात. तिसरा प्रश्न मात्र त्याला आधी कोणी सांगत नाही, आणि तोच पुढे जन्मभर पुरतो. कॅमेऱ्यासमोर बसणार कोण, आणि का म्हणून बसणार? घरची मंडळी दोन-चार वेळा हौसेने बसतात. पाचव्या वेळी आई म्हणते, "मला भाजी चिरायची आहे." शेजारचा मुलगा मिनिटभर नीट बसतो आणि नेमक्या क्षणी मान वळवतो. हातात उत्तम यंत्र आहे आणि समोर रिकामी खुर्ची आहे, अशी नवशिक्याची अवस्था होते.

आज मी जिची हकीकत आपल्यापुढे मांडणार आहे, त्या बाईंची अवस्था याच्या अगदी उलट होती. त्यांना यंत्र नीट चालवता येत नव्हते, पण खुर्ची कधी रिकामी राहिली नाही. ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन हे त्यांचे नाव. १८६३ च्या डिसेंबरात त्यांच्या मुलीने आणि जावयाने त्यांना एक कॅमेरा भेट दिला, तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. पती सिलोनमध्ये मळ्यांच्या कामासाठी गेलेले, मुले मोठी झालेली. आईला एकटे वाटू नये, तिचा वेळ जावा, एवढाच त्या भेटीमागचा हेतू. मुलीने दिलेले ते खेळणे पुढे कोणत्या थराला जाईल, याची तिला कल्पना असती तर तिने बहुधा विणकामाच्या सुया दिल्या असत्या!

या बाईंचा आपल्या देशाशी संबंध जन्माचा होता. ११ जून १८१५ रोजी त्या कलकत्त्यात जन्मल्या. वडील कंपनीच्या नोकरीत होते. बालपणाचा बराच काळ फ्रान्समध्ये गेला, लग्न मात्र १८३८ साली कलकत्त्यातच झाले. पती चार्ल्स हे कॅमेरॉन हे त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे. त्यांचे नाव आपल्या कानांवरून गेले नसले, तरी ज्या कामात त्यांचा हात होता ते काम आपल्या ओळखीचे आहे. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील ज्या विधी आयोगाने भारतीय दंडसंहितेचा मसुदा १८३७ साली पुरा केला, त्याचे हे सभासद. तो कायदा १८६० साली मंजूर झाला आणि जून २०२४ अखेरपर्यंत आपल्यावर चालला. 'चारशेवीस' ही पदवी आपल्या बोलण्यात आली ती त्याच कायद्याच्या कलमामुळे.

लग्नाच्या दोन वर्षे आधी, १८३६ साली, आजारातून उठून हवापालटासाठी त्या केप ऑफ गुड होपला गेल्या असताना तेथे त्यांची गाठ सर जॉन हर्शेल यांच्याशी पडली. हर्शेल ज्योतिषी म्हणून प्रसिद्ध होते, पण छायाचित्रणाच्या विद्येवर त्यांचे ऋण फार मोठे आहे. काचेवरची किंवा कागदावरची प्रतिमा कायम करण्यासाठी जो 'हायपो' वापरतात, त्याचा गुण त्यांनीच १८१९ मध्ये शोधून काढला होता. 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' हे शब्द या कलेत रुजवले तेही त्यांनीच. १८४२ साली त्यांनी काही छायाचित्रे कलकत्त्याला पाठवली, आणि बाईंनी जन्मात पाहिलेली पहिली छायाचित्रे ती. म्हणजे पाहण्यापासून करण्यापर्यंत मध्ये एकवीस वर्षे गेली.

आपल्याला काही येत नव्हते, असे बाईंनी पुढे आपल्या अपुऱ्या आठवणींत लिहून ठेवले आहे. अभ्यासक आता ते तंतोतंत मानत नाहीत. कॅमेरा मिळण्यापूर्वीच त्या छायाचित्रांचे आल्बम सजवून नातलगांना देत असत, आणि ऑस्कर रेलांडर नावाचा नामांकित छायाचित्रकार त्यांच्या घरी येऊन चित्रे काढून गेला होता. त्याचे काम त्यांनी जवळून पाहिले होते. पण पाहणे वेगळे आणि हात काळे करणे वेगळे. मी 'हात काळे करणे' म्हणतो ते अक्षरशः.

त्या काळची रीत कशी होती, हे थोडे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली होती. स्फोटक कापूस ईथर आणि मद्यार्क यांत विरघळवून त्याचे चिकट द्रावण करायचे, त्याला कोलोडियन म्हणतात. ते स्वच्छ काचेवर ओतायचे आणि काच चारी कोपऱ्यांकडे झुकवत सारखे पसरवायचे, डोसा घालावा तसे, पण पळीशिवाय. मग अंधाऱ्या खोलीत ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच चौकटीत घालून कॅमेऱ्याकडे धावायचे, चित्र घ्यायचे, पुन्हा धावत परत यायचे आणि वाळायच्या आत ती काच रसायनाने उमटवायची. काच वाळली की सगळे फुकट. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब कातडीवर पडले की काळे डाग पडतात आणि ते दिवसचे दिवस जात नाहीत. ते काढण्यासाठी बाई पोटॅशियम सायनाइड वापरीत. हे विष किती जहाल आहे, हे सांगायला नकोच.

त्यांचे घर वाइट बेटावर, फ्रेशवॉटर या गावी होते. सिलोनमधल्या आपल्या मळ्यावरून त्यांनी घराला 'डिंबोला' असे नाव दिले होते. या घरातली कोळशाची कोठी रिकामी करून बाईंनी तिची अंधारी खोली केली. काचेच्या तावदानांचे कोंबड्यांचे एक खुराडे होते. कोंबड्या बाहेर निघाल्या, मुलांचा अंड्यांचा किरकोळ व्यापार बुडाला, आणि खुराड्याचा स्टुडिओ झाला. कोंबड्यांचे पुढे काय झाले याविषयी बाईंनी मोघमच लिहिले आहे. गंमत अशी की छायाचित्र छापायचा त्या वेळचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाने माखलेला असे. कोंबड्या गेल्या, पण अंडी काही सुटली नाहीत.

कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, एकात एक सरकणारी. भिंग जामँ या फ्रेंच कारागिराचे. काच साधारण फूटभर लांबीची, आणि चित्र काचेच्याच आकाराचे, कारण मोठे करून छापण्याची सोय हाताशी नव्हती. बाजारात त्या वेळी चलती होती ती व्हिजिटिंग कार्डाएवढ्या छोट्या चित्रांची. पॅरिसच्या दिस्देरी याने १८५४ साली त्यांचे पेटंट घेतले होते. गिऱ्हाईक यायचे, रंगवलेल्या पडद्यापुढे खांबाला टेकून उभे राहायचे, मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावला जायचा. नखशिखांत स्पष्ट आणि डझनाच्या हिशोबाने स्वस्त असा तो माल. त्या धंद्याच्या दृष्टीने बाईंचे यंत्र चुकीचे होते. भिंग पूर्ण उघडे ठेवून, चेहऱ्याच्या इतक्या जवळ जाऊन, एवढ्या मोठ्या काचेवर चित्र घेतले, की डोळा स्पष्ट येतो आणि कान धूसर होतो. त्यातून कोलोडियनला निळा प्रकाश तेवढा चांगला दिसतो. तांबूस आणि पिवळा रंग त्याला अंधारासारखाच. म्हणून वांग, सुरकुती, उन्हाने रापलेली कातडी प्रत्यक्षाहून गडद उमटते.

कोणताही समंजस नवशिका अशा वेळी भिंग बदलतो, किंवा दोन पावले मागे सरतो. बाईंनी दोन्ही केले नाही. नजरेने जुळवता जुळवता चेहरा जेथे त्यांना सुंदर वाटला तेथेच त्या थांबत, पुढे स्क्रू फिरवत नसत, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. १८६५ नंतर त्यांनी पंधरा इंच बाय बारा इंच काचेचा मोठा कॅमेरा आणि डालमायरचे भिंग घेतले, तेही अधिक स्पष्टतेसाठी नव्हे. चेहरा जवळजवळ प्रत्यक्षाएवढा यावा म्हणून. मोठी काच म्हणजे प्रकाश देण्याचा वेळही मोठा. बसणाऱ्याला तीन ते सात मिनिटे निश्चल राहावे लागे. आपण घड्याळ लावून तीन मिनिटे पापणी न हलवता बसून पाहा. तोंडावरचे ठेवणीतले हसू पहिल्या अर्ध्या मिनिटात गळून पडते. मग जे उरते ते आपले असते. माझ्या मते त्यांच्या चित्रांतले ते गांभीर्य, ज्याची एवढी वाखाणणी झाली, त्यातले बरेचसे या सक्तीच्या मिनिटांचे देणे आहे.

आता समोर बसणाऱ्यांकडे वळू. पहिला मान फ्रेशवॉटरच्या एका शेतकऱ्याचा. त्याचा चेहरा बाईंना इंग्लंडच्या इतिहासातल्या बोलिंगब्रोकसारखा वाटला. तासाला अर्धा क्राउन देऊन त्यांनी त्याला बसवले. असे कित्येक तास गेले, कित्येक अर्धे क्राउन गेले, आणि अखेर चित्र उमटले. आनंदाच्या भरात ओली काच हातात मिरवताना बाईंचा हात तिच्यावरून फिरला आणि शेतकरी पुसून गेला! नंतर दोन मुले बसवली, तर ऐन वेळी त्यांतले एक खदखदून हसले. मग २९ जानेवारी १८६४ रोजी ॲनी फिलपॉट ही आठ-नऊ वर्षांची मुलगी एकटी बसली. चित्र साधले. दुपारी एकला घेतलेले चित्र छापून, पक्के करून, चौकटीत बसवून रात्री आठला मुलीच्या वडिलांच्या हाती पडले. बाई घरभर त्या मुलीला द्यायला भेटवस्तू शोधत हिंडत होत्या. जणू चित्र तिनेच काढले होते. त्या चित्राखाली त्यांनी स्वहस्ते आपले पहिले यश म्हणून नोंद केली. भेट मिळाल्याला पुरते दोन महिनेही झाले नव्हते.

पुढे मात्र कोणाला सोडले नाही. पुतण्या, भाच्या, पाहुणे, टपाल घेऊन येणारा, वाटेने जाणारा देखणा मुलगा, सगळे काचेखाली आले. शेजारी कविवर्य टेनिसन राहत. त्यांच्याकडे थोर माणसांची सदा ये-जा, आणि येणाऱ्या प्रत्येकाला बाईंचे खुराडे चुकत नसे. अमेरिकन कवी लाँगफेलो यांना टेनिसन स्वतः घेऊन आले आणि, आता या सांगतील ते निमूट करा, मी नंतर येऊन काय उरले ते पाहीन, अशा अर्थाचे काही बोलून निघून गेले म्हणतात. १८६४ च्या एप्रिलात गॅरिबाल्डी टेनिसनच्या घरी आला. बाई त्याच्यापुढे गुडघे टेकून, ते काळे हात जोडून, बैठक मागू लागल्या. त्या वीर पुरुषाला वाटले ही कोणी भिकारीण असावी! बैठक मिळाली नाही. हर्शेल मात्र सुटले नाहीत. १८६७ साली बाई सगळे सामान घेऊन त्यांच्या घरी गेल्या, त्या वृद्ध ज्योतिष्याला केस धुवायला लावले, आणि अंधारातून वर आलेले ते पिंजारलेले पांढरे डोके काचेवर धरले. १८६८ च्या उन्हाळ्यात डार्विनचे कुटुंब त्यांच्याच बिऱ्हाडात भाड्याने राहिले, तेव्हा त्याचीही पाळी आली. आपल्या सर्व चित्रांत हेच आवडते, असा अभिप्राय डार्विनने दिला.

थोरांच्या या कथा रंजक असल्या तरी बाईंच्या कामाचा खरा आधार त्या नव्हत. मोठा माणूस एकदा बसतो. रोज बसणारे कोणी तरी लागते. ते घरातच होते. मेरी हिलियर ही गावातलीच मुलगी, १८४७ साली जन्मलेली, घरात मोलकरीण म्हणून होती. बाईंच्या कॅमेऱ्यापुढे ती येशूची माता झाली, ग्रीक कवयित्री सॅफो झाली, देवदूत झाली. मॅडोना म्हणून ती इतक्या वेळा बसली की गावात लोक तिला त्याच नावाने ओळखू लागले. मला येथे जरा थांबावेसे वाटते. चित्र मेरीचे आणि शीर्षक दुसऱ्याचे. टेनिसनच्या चित्राखाली टेनिसन, कार्लाइलच्या खाली कार्लाइल, आणि मेरीच्या खाली मॅडोना. थोर पुरुषाने बैठक दिली तर तो अनुग्रह, आणि मोलकरणीने दिली तर ती चाकरी. केरवारे आटपून ती केस मोकळे सोडून सात मिनिटे स्तब्ध बसे आणि मग पुन्हा आपल्या कामाला लागे. तिला नाही म्हणण्याची मुभा होती काय? बाई प्रेमळ होत्या, उदार होत्या, हे सर्वांनी लिहिले आहे. पण प्रेमळ मालकिणीला नाही म्हणणे अधिकच अवघड असते, हे आपल्या घरांतूनही आपण पाहतो.

दुसरी मेरी रायन. हिची गोष्ट कादंबरीत घातली तर कोणी खरी मानणार नाही. १८५९ च्या सुमारास लंडनजवळ पटनी हीथ येथे एक आयरिश बाई मुलीला घेऊन भीक मागत होती. कॅमेरॉनबाईंनी दोघींना घरी आणले. मुलीला शिकवले, पुढे मोलकरीण केले आणि अर्थातच कॅमेऱ्यासमोर बसवले. १८६५ साली लंडनच्या कोलनागी यांच्या दालनात बाईंच्या चित्रांचे प्रदर्शन होते. तेथे हेन्री कॉटन नावाच्या विशीतल्या तरुणाने या मुलीचे चित्र पाहिले आणि तो त्यात हरवला. दोन वर्षांनी येऊन त्याने मागणी घातली. १८६७ साली फ्रेशवॉटरलाच लग्न झाले, आणि त्याच वर्षी तो सनदी नोकरीत बंगालला रुजू झाला. आपल्यातल्या इतिहासप्रेमींच्या ध्यानात आलेच असेल. हा तोच सर हेन्री कॉटन, आसामचा चीफ कमिशनर, 'न्यू इंडिया' या ग्रंथाचा कर्ता आणि १९०४ साली मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या विसाव्या अधिवेशनाचा अध्यक्ष. राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षाची पत्नी एके काळी रस्त्यावर भीक मागत होती, आणि दोघांची गाठ एका छायाचित्राने घातली.

धंद्यातल्या लोकांना बाईंचे काम सहन झाले नाही. १८६४ साली त्या लंडनच्या छायाचित्रकार मंडळाच्या सभासद झाल्या, आणि मंडळाच्या नियतकालिकाने त्यांच्या चित्रांना कच्ची आणि गलथान ठरवले. चित्रकारांनी मात्र डोक्यावर घेतले. मला विचाराल तर टीकाकारांचे निम्मे म्हणणे खरे होते. त्यांच्या काचांवर बोटांचे ठसे आहेत, धुळीचे कण आहेत, ओघळ आहेत. तडा गेलेल्या काचेवरूनही त्यांनी छाप घेतले. धूसरपणा हा हेतू होता, हे मान्य. ओघळ हा हेतू होता असे म्हणणारे भक्त मला पटत नाहीत. तो घाईचा परिणाम होता, आणि ती घाई करून त्या पुढच्या चेहऱ्याकडे धावत होत्या. एक ओघळ पुसण्यात गेलेला तास म्हणजे एक बैठक गमावली, असा त्यांचा हिशोब दिसतो. आणि त्यांना बेफिकीर म्हणावे, तर पाचशेवर चित्रांची मालकी हक्काची नोंदणी त्यांनी रीतसर करून ठेवली होती. साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाने १८६५ साली चित्रे विकत घेतली आणि १८६८ साली स्टुडिओसाठी दोन खोल्या दिल्या. सिलोनचे कॉफीचे उत्पन्न घटत होते, घराला पैशाची गरज होती. चित्रांनी कीर्ती दिली, पैसा पुरेसा दिला नाही.

तुलनेसाठी सांगतो. बाईंनी कॅमेरा हाती धरण्याच्या दहा वर्षे आधी, १८५४ मध्ये, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली होती. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते, आणि १८५५ साली एल्फिन्स्टन विद्यालयात हा विषय शिकवला जाऊ लागला होता. म्हणजे यंत्र, रसायने आणि शिकवणारे यांबाबतीत आपला मुंबईकर विद्यार्थी कोंबड्यांच्या खुराड्यातल्या या बाईंच्या मागे नव्हता. बाईंपाशी जे होते ते निराळे होते. एक मोठे घर, एक थोर शेजारी, आणि ज्यांना बस म्हटले की बसावे लागे अशा मुली.

१८७५ साली कॅमेरॉन दांपत्य इंग्लंड सोडून सिलोनला गेले. समुद्रकाठच्या कलुतारा गावी त्यांनी बिऱ्हाड केले. कॅमेरा बरोबर होता, पण काम थंडावले. त्या सगळ्या काळातली तिसाच्या आतच चित्रे उरली आहेत. उष्ण हवेत कोलोडियन झरझर सुकते, पाणी आणि रसायने यांची अडचण असते, हे एक कारण सांगता येईल. तरी खुर्ची येथेही रिकामी नव्हती. मळ्यांवरचे मजूर, गावातल्या बायका, तरुण मुली बाईंनी बसवल्या, त्याच जवळिकीने आणि त्याच तिरप्या प्रकाशात. २६ जानेवारी १८७९ रोजी त्या सिलोनमध्येच वारल्या.

१८७७ च्या जानेवारीत मेरियन नॉर्थ ही फुलाझाडांची चित्रे काढणारी इंग्रज बाई त्यांच्याकडे पाहुणी आली होती. बाईंनी मोठ्या उत्साहाने तिलाही बसवले. ते चित्र तिच्या नावाने नोंदलेले आहे. मेरी हिलियर मालकिणीनंतर सत्तावन्न वर्षे जगली, १९३६ साली वारली, आणि मॅडोनाच्या आड दडलेले तिचे नाव संशोधकांनी आता परत मिळवून दिले आहे. कलुताऱ्याच्या त्या गटचित्रात दोन स्त्रिया आणि एक पुरुष थेट भिंगाकडे पाहत उभे आहेत. त्याच्या शीर्षकात गाव आहे आणि ते शेतकरी असल्याचे म्हटले आहे, त्यापलीकडे काही नाही.